पिंजऱ्याविरुद्ध मत, पिंजऱ्यातली अंडी

नोव्हेंबर २०१८. टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. कॅलिफोर्नियातलं प्रपोझिशन १२, म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन ठरवायचा कायदा : कोंबड्या, गाभण डुकरिणी आणि वासरं अरुंद जागेत कोंडून मिळवलेली अंडी नि मांस राज्यात विकायचंच नाही. मी 'हो'चा गोल भरला. त्याच टेबलावर आदल्या दिवशी आणलेला अंड्यांचा खोका होता. दुकानातला सगळ्यात स्वस्त.

सुमारे ६३ टक्के लोकांनी हो म्हटलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१६ साली अशाच प्रस्तावाला तर ७७ टक्क्यांहून जास्त. पण तेव्हा अमेरिकेतल्या अंड्यांसाठी पाळलेल्या बहुतेक कोंबड्या पिंजऱ्यातच होत्या. म्हणजे हो म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण माझ्यासारखीच अंडी घरी नेत होते. "मत द्यायला काय जातंय, खरं काय ते पाकीट सांगतं," असं यावर म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

दुकानात मी मुलाला शाळेतून आणायच्या घाईत असते. स्वस्त खोक्यावरही हिरवंगार कुरण छापलेलं असतं. मी महागडी अंडी घेतली तरी बेकरीतल्या केकमधल्या अंड्याचं काय? माझ्या एका डझनाने कुठला पिंजरा उघडणार? मतपत्रिका वेगळंच विचारते : सगळ्यांनी मिळून चार पैसे जास्त मोजायचे आणि हे बंद करायचं का? त्याला मी मनापासून हो म्हटलं, आणि ते पैसे आज मोजतेही आहे. डुकराच्या मांसाच्या उत्पादकांच्या संघटनेने कायद्याविरुद्ध अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट गाठलं. मे २०२३ मध्ये तिथेही कायदा टिकला. लोक डोळे मिटून हो म्हणतात असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ साली फॅक्टरी फार्मिंग, म्हणजे कारखान्यासारखं दाटीवाटीचं पशुपालन, बंद करायचा प्रस्ताव जवळपास ६३ टक्के मतदारांनी फेटाळला.

गेल्या सुट्टीत संगमनेरजवळ बाबांच्या मित्राची पोल्ट्री बघितली. आत शिरताच अमोनियाने डोळे चुरचुरले. जाळीची उतरती जमीन, त्यावरून अंडं घरंगळत पुढच्या पन्हळीत येतं. गजांतून बाहेर काढलेल्या माना, गळ्याजवळची पिसं घासून गेलेली. एका कोंबडीने पंख उघडायला घेतला, तो शेजारणीच्या पाठीवर आपटला, तिने परत मिटला. आपल्या केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत पिंजऱ्यातल्या कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा आहे. ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटर भरतो. आणि आपल्याकडे असा प्रश्न मतपत्रिकेवर कधी येतच नाही. वाण्याकडे "गावठी की बॉयलरची?" एवढंच विचारतात, आणि भाव ऐकून आपण बॉयलरची म्हणतो. त्यावरून आपल्याला कोंबडीचं काही पडलेलं नाही असं कुणी ठरवू नये.

काकांना विचारलं, पिंजरे काढाल का? ते बराच वेळ शेडकडे बघत राहिले. "सगळ्यांना एकच नियम लावा, उद्या काढतो. पण मी एकट्याने काढले, तर माझं अंडं महाग आणि शेजारच्याचं स्वस्त. मग माझा ट्रे कोण उचलणार, पोरी?"