दीड वाजता बंद, पण घरी जायचं कसं? माद्रिदहून काही मुद्दे

महाराष्ट्रात बार-पब किती वाजता बंद व्हावेत, हा वाद काही संपत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत ठरावीक भागांतली दुकानं, मॉल, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला सरकारने परवानगी दिली, पण दारूची वेळ दीडचीच राहिली. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा अल्पवयीन मुलगा त्याआधी पबमध्ये दारू प्यायला होता, असा आरोप झाला आणि पुण्यातले पब सील करायची मोहीम निघाली. ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने आस्थापनांना पुन्हा चोवीस तासांची मुभा दिली, त्यातूनही दारू विकणाऱ्या जागा वगळल्या. दर वेळी एक बाजू संस्कृतीचं नाव घेते, दुसरी महसुलाचं आणि रोजगाराचं. माद्रिदमध्ये राहून हे वाचताना ठामपणे वाटतं की दोन्ही बाजू घड्याळावर अडून बसल्या आहेत आणि रात्र ज्यावर चालते त्या गोष्टींबद्दल कुणी बोलतच नाही.

माद्रिदची वेळ आधी सांगतो. साधा बार किंवा रेस्तराँ रात्री २ पर्यंत, संगीत आणि कॉकटेलवाला ‘बार दे कोपास’ ३ पर्यंत, डिस्कोथेक ५:३० पर्यंत. शुक्रवारी, शनिवारी आणि सणाच्या आदल्या रात्री अर्धा तास जास्त. म्हणजे अख्ख्या शहराला एक वेळ लावलेली नाही. जागा कुठल्या प्रकारची, यावर तिची वेळ ठरते आणि वेळ जितकी उशिराची, तितक्या अटी कडक.

आता रात्र प्रत्यक्षात कशी सरकते ते बघा. सुरुवात साडेआठ-नऊला, बहुतेक ला लातिना भागातल्या कावा बाखा गल्लीत. काउंटरपाशी उभं राहून ‘कान्या’ मागायची, म्हणजे साधारण २०० मिलिलिटरचा छोटा बिअरचा ग्लास. चांगला बारवाला ग्लास आधी गार पाण्याने विसळतो, तिरका धरून भरतो, क्षणभर थांबतो आणि वर दोन बोटं फेस चढवतो. ग्लास लहान असल्याने बिअर गरम व्हायच्या आत संपते. सोबत बऱ्याच ठिकाणी न मागता ‘तापा’ येतो: ऑलिव्ह, वेफर्स, नाहीतर बटाटा-अंड्याच्या तोर्तियाचा तुकडा. एक-दोन कान्या झाल्या की पुढच्या बारमध्ये. बिल शेवटी द्यायचं, टिपची सक्ती नाही. टेबलावर बसलात, त्यातून बाहेरच्या ‘तेरासा’वर, तर त्याच कान्याला जास्त पैसे पडू शकतात. बाहेर बसलात तर मोबाइल टेबलावर ठेवू नका, इथले पाकीटमार चपळ आहेत.

शाकाहारी माणसाने नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. हॅम आणि ट्यूना इथे कित्येकांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत, तेव्हा ‘सिन खामोन, सिन आतून’ (हॅम नको, ट्यूना नको) असं नावानिशी सांगा. क्रोकेतास, म्हणजे तळलेली मऊ क्रोकेट्स, बहुतेक वेळा हॅमच्या असतात. पातातास ब्रावास म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे, पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि मांचेगो चीज यांवर पोट भरतं. अंडं चालत असेल तर तोर्तिया आहेच. ब्रावासच्या सॉसमध्ये कधी मांसाचा रस्सा असतो, तेवढं विचारून घ्या. रात्रीचं जेवण दहाच्या आसपास. हे खाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बाराच्या आधीचे तीन-साडेतीन तास लोक थोडं पितात, सतत काहीतरी खातात आणि एका जागेवरून दुसरीकडे चालत जातात. आपल्याकडे दीडची धास्ती असते, म्हणून साडेबाराला ‘लास्ट ऑर्डर’च्या नावाखाली दोन-दोन लार्ज एकदम मागवले जातात. पोटात तेवढी दारू एकदम गेलेली माणसं मग एकाच वेळी रस्त्यावर येतात.

बारानंतर मुक्काम मालासान्या, चुएका किंवा उएर्तास या भागांत. मालासान्यात ‘ला विआ लाक्तेआ’सारखे बार १९७९ पासून चालू आहेत. हुकूमशहा फ्रँकोनंतर मोकळ्या झालेल्या माद्रिदची तरुणाई इथेच जमायची. इथे ‘कोपा’ मिळते, म्हणजे बर्फाने भरलेल्या मोठ्या ग्लासात जिन-टॉनिक किंवा रम-कोला. नवखे इथेच फसतात. आपल्याकडे पेग मापाने येतो, ३० किंवा ६० मिलिलिटर. इथे बरेच बारटेंडर अंदाजाने ओततात आणि हात सैल असतो. एक कोपा म्हणजे लार्ज पेग धरा, कधी त्याहून जास्तच. ‘चार ड्रिंक्स घेतल्या’ हा मुंबईचा हिशेब इथे लावलात तर उभं राहता येणार नाही. दुसरा धोका ‘गाराफोन’चा, म्हणजे नामांकित बाटलीत भरलेली हलकी दारू. सोल चौकाच्या आसपास पत्रकं वाटणारी मुलं फुकट शॉटचं आमिष दाखवतात. त्या शॉटचा भरवसा धरू नका.

क्लबमध्ये दीडच्या आधी शुकशुकाट असतो. आतोचा स्टेशनजवळच्या सात मजली कापिताल क्लबसारख्या ठिकाणी प्रवेश-तिकिटातच बहुधा एक-दोन ड्रिंक्स धरलेली असतात, ते कुपन हरवू नका. गेस्ट लिस्टला वेळेची मर्यादा असते, ती टळली की पूर्ण पैसे. ओळखपत्र मूळ लागतं, मोबाइलमधला फोटो दाखवून परत फिरलेले पुष्कळ. हिवाळ्यात कोट ठेवायचे वेगळे पैसे. दारावरच्या माणसाला प्रादेशिक सरकारची मान्यता लागते आणि प्रवेशाचे नियम दारावर लावावे लागतात. रंग पाहून अडवलं असं वाटलं तर तक्रारीचा अधिकृत फॉर्म मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे.

कायद्याच्या कागदावर आपण स्पेनपेक्षा कडक आहोत. इथे दारूचं वय १८. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५ आणि वर परमिट. गाडी चालवताना स्पेनमध्ये सर्वसाधारण मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, भारतात ३०. कडक कायद्याने कल्याणीनगर वाचलं नाही. इथे प्यायलेला माणूस गाडी काढायच्या फंदात कमी पडतो, कारण त्याला दुसरी सोय आहे. मेट्रो साधारण दीडला थांबते, पण सिबेलेस चौकातून ‘बुओ’ नावाच्या रात्रीच्या बस शहरभर सुटतात. डिस्कोथेक शनिवारी सहाला बंद होतात आणि मेट्रो सहालाच उघडते. मधे भूक लागली तर १८९४ पासूनचं सान खिनेस आहे, चुरोस आणि घट्ट चॉकलेट चोवीस तास. मुंबईत शेवटची लोकल एकच्या सुमारास निघून जाते आणि बार बंद होतो दीडला. पुण्याची मेट्रो अकराला संपते, पीएमपीची रातराणी बस मोजक्याच मार्गांवर धावते. अशा शहरात बारची वेळ कमी करा किंवा वाढवा, माणूस किल्ली घेऊनच बाहेर पडणार.

आता शेजाऱ्यांबद्दल, कारण पुण्यातल्या रहिवाशांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. माद्रिदचे रहिवासीही वर्षानुवर्षं भांडत आहेत. २०१२ मध्ये मध्य माद्रिदचा मोठा भाग ध्वनिसंरक्षण क्षेत्र ठरला. तिथल्या सगळ्यात गोंगाटी गल्ल्यांत नव्या बारला परवाना मिळणं जवळपास बंद झालं. संगीत वाजवणाऱ्या जागेला आपोआप मिटणारे दोन दरवाजे लागतात, मधे छोटी मोकळी जागा, म्हणजे माणूस आत शिरताना आवाज बाहेर सांडत नाही. डीजेच्या मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे सील केलेली एक पेटी असते. तिचा माइक हॉलमधला आवाज मोजतो, ठरलेली पातळी ओलांडली की पेटी आवाज दाबते आणि सगळ्याची नोंद ठेवते. तपासनीस आला की नोंद बघतो, मालकाचा शब्द धरत नाही. रस्त्यावर उभ्या माणसांचा कल्लोळ या पेटीला थांबवता येत नाही आणि मालासान्याचे लोक आजही त्याने वैतागलेले आहेत, हेही खरं. पण भिंतीआडच्या ढणढणाटासाठी रात्री दोनला पोलिसांची विनवणी करायची वेळ तुलनेने कमी येते.

गर्दीचे आणि आगीचे नियम मात्र माणसं मेल्यावरच कडक झाले, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर १९८३ मध्ये माद्रिदच्या ‘आल्काला २०’ डिस्कोथेकला आग लागून ऐंशीहून अधिक लोक गेले. १ नोव्हेंबर २०१२ च्या पहाटे माद्रिद अरेनामध्ये क्षमतेबाहेर गर्दी भरली आणि अरुंद वाटेत चेंगरून पाच मुली दगावल्या. तरीही १ ऑक्टोबर २०२३ ला मुर्सियात १३ जण जळाले, तेही बंद करायचा आदेश निघूनही चालूच राहिलेल्या क्लबमध्ये. कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ ला १४ जण, गोव्यात हडफड्याला डिसेंबर २०२५ मध्ये २५ जण. आदेश काढणारं कार्यालय आणि कुलूप लावणारा हात यांच्यामधली फट स्पेनमध्येही होती, आपल्याकडेही आहे.

म्हणून पुण्या-मुंबईच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. रूफटॉपला दोन दरवाजे बसत नाहीत, तिथे आवाज कोंडता येत नाही, तेव्हा तिथे रात्री दहानंतर स्पीकर नकोच. बंदिस्त हॉल, आवाजाची नोंद ठेवणारी पेटी, दारावर क्षमतेचा आकडा आणि मोकळी दुसरी वाट हे सगळं असलेल्या जागेला तीनपर्यंत खुशाल परवानगी द्या. मात्र त्या भागातून रातराणी दर अर्ध्या तासाला सुटायला लागल्यानंतरच.