आजारी मुलांना मॉर्फिन : एक खुलासा
कर्करोगग्रस्त मुलाला मॉर्फिन हे अफूपासून बनणारे प्रभावी वेदनाशामक सुरू करणे म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडणे आणि मुलाला व्यसन लावणे, असा जो संदेश फिरत आहे, तो चुकीचा आहे. तीव्र वेदनांसाठी मुलांना मॉर्फिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाच करते आणि मूळ उपचार चालू असतानाही ते देता येते. मात्रा वजनानुसार ठरते; बोलता न येणाऱ्या बाळाच्या कपाळावरील आठ्या, पायांची ताठरता, रडणे, कुशीत घेतल्यावर ते शांत होते की नाही, यांना गुण देऊन परिचारिका वेदना मोजते, आणि नेमके हे कौशल्यच संदेशकर्त्याच्या गावी नाही. बद्धकोष्ठता मात्र खरोखर होते, म्हणून सोबत रेचक देतात. दीर्घ वापरानंतर औषध हळूहळू कमी करावे लागते, परंतु शरीराला झालेली सवय म्हणजे व्यसन नव्हे. वैद्यकीय वापरासाठी ते सुलभ व्हावे म्हणूनच २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली.