फक्त नाव द्या, बाकी आम्ही बघतो

कोकणात ही गळ कुणाला घातली गेली नसेल? निवृत्त गुरुजी, बँकेतले माजी अधिकारी, परळ-गिरगावात बस्तान बसवलेले चाकरमानी. गावच्या शाळेच्या, वाचनालयाच्या नाहीतर देवस्थानाच्या विश्वस्त मंडळावर एक वजनदार नाव हवं असतं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा विश्वस्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की नुसतं नाव द्यायचं असेल तर देऊ नका.

आपल्याकडे विश्वस्त मंडळाची सभा भरते ती गणपतीत नाहीतर मे महिन्यात, मुंबईकर गावात असतात म्हणून. आरतीच्या घाईत हिशेब वाचून दाखवतात, 'मंजूर, मंजूर' होतं आणि चहा येतो. सह्या झालेल्या असतात, वाचलेलं कुणीच नसतं. कायदा मात्र मुंबईतला विश्वस्त आणि गावातला विश्वस्त असा फरक करत नाही.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त वारला, राजीनामा देऊन गेला किंवा नवा आला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून जातो आणि तिथूनच सगळी रड सुरू होते. शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर दिवंगत माणसांची नावं तशीच राहतात. मग बँक सह्या बदलून देत नाही, देणगी खात्यात अडकते, आणि भाऊबंदकीतले दोन गट 'खरे विश्वस्त आम्हीच' म्हणत धर्मादाय कार्यालयात तारखा घेत बसतात. तोवर शाळेचं छप्पर गळतच असतं.

जमिनीचं तर विचारूच नका. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणामुळे रस्त्यालगतच्या जागांवर सगळ्यांचा डोळा आहे. आजोबा-पणजोबांनी शाळेसाठी बक्षीसपत्राने दिलेली जागा विकायची, तर याच कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही लागते. ठराव समोर आला की 'परवानगी कुठाय?' हे विचारणारा एक तरी विश्वस्त हवा. त्याला गावात खोडसाळ म्हणतील. म्हणू देत. त्या जागेत आपल्याच लोकांचा घाम आहे, आणि तिच्यासाठी वाईटपणा घ्यायला मी तयार आहे.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून उभं आहे. इतक्या पिढ्या एखादी संस्था टिकते, तेव्हा तिच्यामागे वर्षानुवर्षं जमाखर्च तपासणारी, इतिवृत्तं लिहिणारी माणसं असतातच. त्यांचे फोटो कुठे लागत नाहीत.

या गणपतीत गावी जाल तेव्हा आपापल्या संस्थेचा शेड्यूल वनचा उतारा आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल मागून वाचा. विश्वस्त नसलात तरी विचारा, संस्था गावाची आहे. आमच्या मंडळावर सध्या एक जागा रिकामी आहे आणि तिच्यासाठी मुंबईतली दोन मोठी नावं चर्चेत आहेत. मी मात्र गावातल्या बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या ताईंचं नाव सुचवणार आहे. त्या बारमाही गावात असतात आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत.