‘डोमेन संपलं तर ऐंशी दिवस थांबा’ हा सल्ला ऐकू नका

नाशिकच्या व्यापाऱ्यांच्या आणि लॉजमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपली तर रिन्यूचे जादा पैसे भरू नका. ऐंशी दिवस थांबा, नाव आपोआप मोकळं होतं, मग नव्या नोंदणीच्या दरात घ्या. आपल्या छोट्या नावाला कोण विचारतो? मधेच कंपनीने लिलाव केला तर तो बेकायदेशीर आहे, सायबर पोलिसांत तक्रार करा. तसेही या लिलावांत कंपन्या स्वतःच बोली चढवतात.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर असताना पंचवटी-त्र्यंबकच्या लोकांनी हे मनावर घेतलं तर नुकसान मोठं होईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ऐंशीचा आकडा हवेतून आलेला नाही. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद ठेवणारी संस्था) ते नाव आपोआप पुढे चालू ठेवते आणि रजिस्ट्रारला, म्हणजे आपण जिच्याकडे नाव नोंदवतो त्या कंपनीला, ४५ दिवसांपर्यंत मोकळीक देते. तेवढ्यात त्याने नाव डिलीट केलं तर त्याचे पैसे परत मिळतात. डिलीट झाल्यावर ३० दिवस रिडम्प्शन (जुन्या मालकाला नाव सोडवून घेण्याचा काळ), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (नाव मोकळं होण्याआधीचा शेवटचा टप्पा). बेरीज ऐंशी. पण हा सगळा प्रवास रजिस्ट्रारने नाव डिलीट केलं तरच सुरू होतो, आणि ज्या नावाला गिऱ्हाईक आहे ते तो डिलीट कशाला करेल? त्या पहिल्या ४५ दिवसांतच, बऱ्याच मोठ्या रजिस्ट्रारांकडे महिनाभराच्या आगेमागे, नाव लिलावाला लागतं. बोली जिंकणाऱ्याच्या खात्यात ते थेट वळवलं जातं. नाव डिलीट होतच नाही, त्यामुळे रिडम्प्शन येत नाही, पेंडिंग डिलीट येत नाही, नोंदणीची मूळ तारीखसुद्धा जुनीच राहते. ऐंशीव्या दिवशी पैसे घेऊन बसलेल्या माणसाला कळतं की नाव कधीच दुसऱ्याचं झालं.

लिलावात कुणी बोली लावली नाही आणि नाव खरंच सुटलं, तरी ज्या क्षणी ते सुटतं त्याच क्षणी ड्रॉप पकडणाऱ्या, म्हणजे सुटलेली नावं टिपणाऱ्या, कंपन्यांची यंत्रं रजिस्ट्रीवर मागण्यांचा मारा करतात. हाताने टाइप करणाऱ्याचा तिथे निभाव लागणं कठीण. एकाच कंपनीकडे दोघातिघांनी ते नाव आधी सांगून ठेवलं असेल, तर त्यांच्यात पुन्हा वेगळा लिलाव.

‘छोट्या नावाला कोण विचारतो’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. घेणाऱ्याला तुमच्या लॉजशी काही देणंघेणं नसतं. त्याला हवे असतात त्या नावाकडे येणारे जुने दुवे आणि रस्ता पाठ झालेले लोक. २०१५ च्या कुंभात निवासासाठी, त्र्यंबकच्या पूजेसाठी, टॅक्सीसाठी घेतलेली नावं आठवा. तेव्हा वर्तमानपत्रांनी, प्रवासाच्या साइट्सनी त्यांना दुवे दिले. ते दुवे अजून तिथेच आहेत आणि आता पुन्हा लोक त्याच गोष्टी शोधणार आहेत. अशा नावावर कुणी जुगाराच्या जाहिराती लावतो, कुणी तुमच्याच लॉजचं पान हुबेहूब उभं करून ॲडव्हान्स गोळा करू शकतो. जुन्या नावांचा असा वापर इतका वाढला की गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम धोरणात मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर हा वेगळा प्रकारच नोंदवला. यामुळे शोधात वर येण्याची लबाडी थोडी आवरेल. थेट पत्ता टाइप करून येणारा यात्रेकरू मात्र तरीही फसेल.

ईमेलचा विचार तर या मजकुरात कुठेच नाही. नाव ज्याच्या हाती, त्या नावावर येणारी पत्रंही त्याच्या हाती. अंबड-सातपूरच्या कारखानदारांनी जरा थांबून आठवावं, की बँकेत, जीएसटीच्या पोर्टलवर, पुरवठादारांकडे कोणता पत्ता दिलेला आहे. पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच पत्त्यावर जाते.

लिलाव बेकायदेशीर आहे का? नाही. डोमेन आपण विकत घेत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवतो. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारला ते दुसऱ्याला देता येईल, अशी अट नोंदणीच्या करारात बहुतेक ठिकाणी असते. मुदत संपल्यानंतर काय करणार हे रजिस्ट्रारने कळवायचं, असा आयकॅनचा (डोमेनच्या जागतिक व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) नियमही आहे. या मजकुरामागचा राग मात्र मला समजतो. लासलगावला कांद्याचा लिलाव झाला तर पैसे शेतकऱ्याला मिळतात, भाव पटला नाही तर तो माल परत नेऊ शकतो. इथे दहा वर्षं नाव सांभाळणाऱ्याला बोलीतला रुपयाही मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि तसं म्हणायला हवं. पण माल परत नेण्याची सोय इथेही असते: अनेक रजिस्ट्रारांकडे बोली चालू असतानासुद्धा जुन्या मालकाने रिन्यू केलं तर लिलाव रद्द होतो. ऐंशी दिवस थांबणारा नेमकी हीच संधी घालवतो.

नाव गेल्यानंतर पोलिसांपेक्षा ट्रेडमार्कचा रस्ता खरा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, असं मान्य केलं. डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशी तक्रारीची व्यवस्था आहे. पण तिथे समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो, आणि अशा डॉट कॉमच्या तक्रारी चालवणाऱ्या वायपो या संस्थेकडे एका पंचापुढच्या तक्रारीची फीच १,५०० डॉलरपासून सुरू होते. रिन्यूचे हजार-बाराशे वाचवायला निघालेल्या माणसाने हा हिशेब मांडून बघावा.

बोली चढवण्याचा आरोप पूर्ण खोटा नाही. असे लिलाव करणाऱ्या स्नॅपनेम्स या कंपनीने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं, की त्यांचाच एक कर्मचारी खोट्या नावाने बोली लावत होता. लिलावात उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. ज्याचं नाव अजून हातात आहे, त्याने रिन्यू न करण्याचं मात्र हे कारण होऊ शकत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. आयकॅनच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसारख्या नावांसाठी मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. डॉट इन निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येतं, तिथे हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत, म्हणून रजिस्ट्रारलाच विचारावं. मेनरोड असो की कॉलेजरोड, कितीतरी दुकानांची डोमेन्स साइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर नोंदलेली आहेत. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला, की सूचना येतात आणि कुणी उघडत नाही. आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं नाव टाका, रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधीची ते बघा, आणि खातं आपल्या स्वतःच्या ईमेलवर करून घ्या. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की सूचनाही त्याच्याबरोबर बंद पडतात.