पैठणट वाटून घेऊ नका

दिवाळी अंकाच्या संपादकांचा तिसरा फोन आला आणि कथा तयार नाही, असं झालं की काही लोक अजूनही टेबलाशी बसून कथा लिहायला घेतात. हा मार्ग जुनाट आहे. त्यात मान आखडते, चहा फार होतो, घरातले लोक 'काय करतोयस रे?' म्हणून चारदा डोकावतात आणि एवढं करून मानधन किती येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. (अंक पोस्टाने आला तरी पुष्कळ म्हणायचं.) तयार कथा मोबाइलमध्ये येऊन पडत असताना हा उपद्व्याप सांगितलाय कुणी?

तर सगळ्यात आधी 'चोरी' हा शब्द डोक्यातून काढा. मराठी या बाबतीत मोठ्या मनाची भाषा आहे. 'आधारित' आहे, 'प्रेरित' आहे, 'स्वैर रूपांतर' आहे, 'संकलन' आहे. आणि या सगळ्यांची आजी म्हणजे 'साभार'. आभार मानायचे, पण कुणाचे ते सांगायचं बंधन नाही. 'व्हॉट्सअ‍ॅपवरून साभार' असं एकदा लिहिलं, की व्हॉट्सअ‍ॅप नावाचे कुणी गृहस्थ सदाशिव पेठेत राहतात आणि रोज पहाटे उठून एक कथा पाडतात, असं वाचक समजून घेतो.

मनात धाकधूक असेल तर परंपरेचा आधार घ्या. तुकोबांच्या काळात सालोमालो होऊन गेले. अभंगाच्या शेवटी येणारं 'तुका म्हणे' म्हणजे त्या वेळचा वॉटरमार्क. सालोमालोंनी तेवढा पुसून आपला उमटवला, असं सांगतात. तुकोबा चिडले. 'म्हणती एकाचें आपुलें' असं त्यांनी अभंगातच सुनावलं. पण यात नुकसान कुणाचं झालं? त्या काळी इमानेइतबारे स्वतःचे अभंग रचणारे किती जण असतील, त्यांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत. सालोमालो मात्र गाथेत जाऊन बसले, तेही खुद्द तुकोबांच्या हस्ते. म्हणून उचलायचं तर मोठ्या माणसाचं उचला. माझ्यासारख्याचं उचलून काय मिळणार? पण ते ज्याचं त्याने ठरवायचं.

माझं एकाने उचललं. पावणेसहाला मावशीने घरच्या ग्रुपवर एक कथा टाकली, वर 'नक्की वाचा, डोळ्यांत पाणी आलं'. पहिला परिच्छेद वाचून मला वाटलं, अरे, हा माणूस आपल्यासारखंच लिहितो! दुसऱ्या परिच्छेदात कळलं की हा माणूस मीच आहे. चार वर्षांपूर्वी एका छोट्या अंकात आलेली माझी कथा. खाली दुसऱ्याच गृहस्थांचं नाव, फेटा बांधलेला फोटो आणि सूचना : 'सर्व हक्क लेखकाधीन. नावासकट शेअर करावी.'

माझी कथा वाईची. कृष्णेच्या घाटाजवळ राहणारी एक बाई आणि तिच्या घराला आलेली नोटीस. या गृहस्थांनी ती पैठणला नेली. कशी नेली? फाइंड अँड रिप्लेस. 'वाई' शोधा, 'पैठण' घाला, सगळीकडे. दोन सेकंदांत अख्खं गाव हललं. पण संगणकाला गाव कळत नाही, अक्षरं कळतात. त्यामुळे कथेतली बाई तुटक्या हपैठण चपलेला सेफ्टी पिन लावून बाहेर पडली. नोटिशीत लिहिलं होतं, 'मुदतीत खुलासा न आल्यास पुढील कारपैठण करण्यात येईल.' आणि ते वाचून तिला फार पैठणट वाटलं.

कृष्णा मात्र जागची हलली नाही. गोदावरीला बाजूला सारून ती पैठणच्या घाटाला लागून वाहत राहिली आणि काठावर वाईचा ढोल्या गणपतीही बसून राहिला. खाली तीनशेच्या वर प्रतिक्रिया होत्या. 'निःशब्द!' 'सर, पैठणचं हुबेहूब चित्र उभं केलंत.'

यातून तुम्ही घ्यायचा धडा तांत्रिक आहे. गाव निवडताना ते दुसऱ्या शब्दांच्या पोटात शिरलेलं नाही ना, एवढं बघा. पाली, पुणे, पेण ही सगळी धोक्याची गावं. 'पेण' काढून अलिबाग घातलंत तर कथेतली 'शक्तिरूपेण' देवी 'शक्तिरूअलिबाग'... ते जाऊ दे. कोपरगाव घ्या. सोयीचं आहे.

पैठणच का, हे मला अजून कळलेलं नाही. हे गाव एकनाथांचं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी इतक्या ओव्या घुसडल्या होत्या, की नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शोधून शुद्ध केली. आणि शेवटी तंबी दिली, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवली असं समजा. घुसडणारे ज्ञानेश्वरांचे वैरी थोडेच होते? भक्तच होते. आवडत्या ग्रंथात आपलीही एखादी ओवी असावी, एवढीच त्यांची हौस. आजच्या भाषेत फॅन फिक्शन.

या फॅन फिक्शनवाल्यांपासून मात्र तुम्ही चार हात लांब राहा. माणसं हुशार असतात, दुसऱ्याच्या पात्रांवर रात्र रात्र जागून लाखभर शब्द लिहितात, पण त्यांना एक खोड असते. पहिल्याच ओळीत सांगून टाकतात, 'ही पात्रं माझी नाहीत, मूळ लेखिकेची आहेत, मी यातून पैसे मिळवत नाही.' अशाने धंदा होतो होय? पात्रांची नावं तशीच ठेवून कबुली देणाऱ्याला वकिलाची नोटीस जायची भीती. 'फिफ्टी शेड्स'ने काय केलं बघा. आधी ती रक्तपिपासूंच्या एका गाजलेल्या प्रेमकथेवरची फॅन फिक्शन होती, इंटरनेटवर फुकट. मग नावं बदलली, इंटरनेटवरून मूळ मजकूर उतरवला आणि 2011 पासून कादंबरी म्हणून बाजारात. नायकाचे सुळे तर त्याआधीच काढलेले होते. पुढे करोडो प्रती.

रशियातल्या तान्या ग्रोटरला हे नीट जमलं नाही. चष्मेवाल्या हॅरी पॉटरच्या जागी मुलगी, जादूची शाळा, उडायला झाडूऐवजी डबल बास. एवढं अवजड वाद्य घेऊन उडवलं, तरी डच कोर्टाने 2003 मध्ये तिथला अनुवाद अडवला. हे विडंबन आहे, हा बचाव चालला नाही. वाद्य बदललं, चाल तीच राहिली. आडनावात एखादं अक्षर आणखी बदलायला काय झालं होतं?

कायद्याला फार भिऊ नका, पण अर्धा पाठ करून ठेवा. अर्धाच. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये, एक नाटक आणि त्यावरून काढल्याचा आरोप असलेला सिनेमा यांच्या खटल्यात सांगितलं, की कल्पनेवर, विषयावर, कथानकावर कुणाचा कॉपीराइट नसतो. नाटकवाले हरले. हे वाक्य छापून भिंतीला लावा. त्याच निकालात पुढे असंही आहे, की दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं तर ते उल्लंघन. हा भाग फ्रेमच्या कडेखाली दडपून टाका. 1957 च्या कायद्यातलं कलम 57 तर वाचूच नका. हक्क विकून टाकले तरी कृतीला आपलं नाव लागावं हा अधिकार लेखकाकडेच राहतो, असलं काहीतरी भावनिक लिहिलंय त्यात. आणि कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद, 50 हजार ते दोन लाख दंड. पण हा आकडा आणि तुमच्यामध्ये वकिलाची फी उभी आहे. एका कथेचं मानधन मोजून कोण कोर्टात जातंय!

सोपं हवं असेल तर गेलेले लेखक बघा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं हयातीत छापलेलं सगळं 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुलं आहे. पु. ल. 2000 मध्ये गेले, तिथे 2060 संपेपर्यंत थांबावं लागेल. मात्र पुलंच्या बाबतीत आपल्या लोकांनी उलटी सोय करून ठेवली आहे. त्यांचं उचलत नाहीत, आपलं फसलेलं त्यांच्या नावावर खपवतात. मैत्री म्हणजे काय, पाऊस म्हणजे काय, बायको म्हणजे काय, खाली 'पु. ल.'. यावर त्या माणसाने काय म्हटलं असतं, ही कल्पनाही कॉपीराइटमुक्त आहे.

पकडले गेलात तर गडबडायचं नाही. 2006 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थिनीची पहिलीच कादंबरी प्रकाशकाने काही आठवड्यांत बाजारातून परत घेतली, कारण परिच्छेदच्या परिच्छेद दुसऱ्या लेखिकेचे निघाले. ती म्हणाली, ते आपल्या नकळत डोक्यात मुरलं होतं. मुरणं हा शब्द लक्षात ठेवा, लोणच्यासारखा कधीही काढता येतो. त्याने भागलं नाही तर 'व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्' म्हणा. सगळं जग व्यासांचं उष्टं आहे, तिथे माझी एक कथा ती काय! शेवटचं अस्त्र म्हणजे दुखावलं जाणं. 'आधी एक फोन करायचा होतात. चारचौघांत असं लिहायची गरज होती का?'

माझी कथा पैठणला नेणाऱ्या गृहस्थांकडून मला हे तिन्ही ऐकायला मिळालं, याच क्रमाने. वर 'तुमची कथा रजिस्टर केलीय का?' असंही विचारलं. आपल्याकडे रजिस्टर करावी लागत नाही, लिहिली की हक्क आपला, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, 'मग माझाही आपोआपच झाला की.'

मी नाद सोडला. मावशीलाही सांगितलं नाही, तिचे डोळे उगाच कोरडे झाले असते.

गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन. आवाज चढलेला. त्यांची पैठणची कथा कुणीतरी जशीच्या तशी उचलून आपल्या नावाने टाकली होती आणि निषेधाच्या पत्रावर त्यांना लेखकांच्या सह्या हव्या होत्या. चोरी कशावरून, असं मी विचारलं.

'कशावरून म्हणजे? शब्द न् शब्द! आता "पैठणट" हा शब्द बघा. अख्ख्या मराठीत माझ्याआधी कुणी वापरलाय, सांगा.'

मी सही केली.