एच-इंडेक्स 7 म्हणजे पैसा पाण्यात?

परवा ताईचा फोन आला, आवाज पडलेला. "अरे, पोरीचं नक्की काय चाललंय? पीएचडी होऊन दहा वर्षं झाली आणि हिचा एच-इंडेक्स 7? त्या मेसेजमध्ये तर 20च्या खाली म्हणजे पैसा पाण्यात असं लिहिलंय."

तो मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपांवरून आलाय. त्यात ठासून सांगितलंय की एच-इंडेक्स हेच शास्त्रज्ञाचं खरं मोजमाप, ते सगळ्या विषयांना सारखंच लागू, त्यात लबाडी चालत नाही, आणि थोर शास्त्रज्ञांच्या पेपरांचा ढीग असतोच. माझी भाची गणितात संशोधन करते. घरच्याच कुणीतरी तिलाही तो मेसेज पाठवला, म्हणून आता गप्प बसवत नाही.

एच-इंडेक्स 7 याचा अर्थ एवढाच: तिचे सात पेपर असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा इतरांनी किमान सात वेळा संदर्भ दिलाय. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली हा आकडा सुचवला, आणि जीवशास्त्रात तो भौतिकशास्त्रापेक्षा जास्त येतो हे त्याच पेपरात नोंदवलं. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला दिसत नाही.

"सगळ्या विषयांना सारखंच लागू" हे तर धडधडीत चूक आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. संशोधनाच्या मोजमापाचाच अभ्यास करणाऱ्या मंडळींनी 2015 साली 'नेचर'मध्ये लायडेन जाहीरनामा छापला. त्यात साफ दिलंय: गणितातल्या अव्वल जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर (म्हणजे जर्नलातल्या अलीकडच्या एका पेपराला वर्षात सरासरी किती वेळा संदर्भ मिळतो तो आकडा) 3च्या आसपास, पेशीजीवशास्त्रातल्या अव्वल जर्नलांचा 30च्या आसपास. एच-इंडेक्सची वरची मजल जीवशास्त्रात 200, भौतिकशास्त्रात 100, सामाजिक शास्त्रांत 20 ते 30. म्हणजे मेसेजमधला 20 चा उंबरठा लावला, तर सामाजिक शास्त्रांतली उत्तम माणसंही जेमतेम आत येतील.

असं का होतं ते पेपराचं शेवटचं पान उघडलं की कळतं. भाचीच्या गेल्या पेपराच्या संदर्भयादीत 17 नोंदी आहेत, त्यातली एक 1960च्या दशकातली. माझ्या एका जीवशास्त्रज्ञ मित्राच्या पेपराच्या यादीत साठच्या वर, बहुतेक गेल्या पाच वर्षांतल्या. ज्या विषयात प्रत्येक जण साठ जणांची नावं घेतो, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भही, जास्त येणार. त्यात माणूस किती मोठा याचा संबंध कुठे आला? शिवाय तिचा तो पेपर तपासायलाच परीक्षकांनी दीड वर्ष घेतलं. सिद्धता ओळ न् ओळ तपासायची तर तेवढा वेळ लागतोच.

दुसरं टोक बघा. 2015 साली हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान सांगणारा एक पेपर आला. लेखक 5,154. एकूण 33 पानं, त्यातली 24 लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची यादी. त्या पेपराचं प्रत्येक सायटेशन यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पडतं. त्यांचं काम मोठंच आहे, पण त्या खात्याशेजारी दोघांनी मिळून लिहिलेला गणिताचा पेपर ठेवून तुलना कशी करणार?

एवढं मान्य करतो, जरा नाखुशीनेच: विषय एक, अनुभव सारखा आणि आकडे एकाच ठिकाणाहून घेतलेले असतील, तर एच-इंडेक्स थोडंफार सांगतो. पण "एकाच ठिकाणाहून" हीसुद्धा अट आहेच. वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या दोन वेगळ्या जागा; संगणकशास्त्रातल्या माणसाचा पहिलीवरचा 10 हा दुसरीवर 20-30 होऊ शकतो, हेही त्याच जाहीरनाम्यात आहे.

"लबाडी चालत नाही"? सिरिल लाबे या संगणकशास्त्रज्ञाने 2010 साली 'आइक अँटकेअर' नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक उभा केला, प्रोग्रामकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहवून ते एकमेकांना जोडले, आणि गूगल स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स 94 वर नेऊन दाखवला.

आणि थोरांचा ढीग? ग्रिगोरी पेरेलमान या गणितज्ञाने पोआंकारेचं अनुमान हा गणितातला जुना, न सुटलेला प्रश्न 2002-03 मध्ये तीन प्रीप्रिंटांत, म्हणजे जर्नलात न छापता थेट इंटरनेटवर टाकलेल्या पेपरांत, सोडवला. ते जर्नलकडे पाठवलेही नाहीत. उलट, आजवर सगळ्यात जास्त सायटेशन मिळवणाऱ्यांत लॉरी यांचा 1951 चा पेपर आहे, तीन लाखांच्या वर. विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत. उपयोगी आहे, म्हणून प्रयोगशाळा तिचा संदर्भ देत राहिल्या. 'नेचर'ने 2014 साली सर्वाधिक सायटेशनवाल्या 100 पेपरांची यादी केली, त्यात डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा पेपर नव्हता.

काल भाचीला फोन करून तिच्या त्या पेपराबद्दल विचारलं. आत्तापर्यंत नऊ सायटेशन. "मामा, त्यातल्या चौघांनी माझं लेमा, म्हणजे मदतीचं छोटं प्रमेय, वापरून पुढची प्रमेयं सिद्ध केलीयेत," म्हणाली, आणि ती चार प्रमेयं कोणती ते सांगत बसली. मला अर्धंच कळलं. ताईला मी ते चार पेपर पाठवलेत आणि प्रत्येकात लेकीचं नाव कुठल्या पानावर आहे तेही लिहून दिलंय.