सहा स्क्रू आणि दोन वायरी

गाडीच्या पुढच्या दारातला स्पीकर फाटला आहे, हे मला बरेच दिवस ठाऊक होते. परंतु ठेक्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यातून कागदी पिशवी चुरगळल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा दोन्ही दारांतले स्पीकर स्वतःच्या हाताने बदलण्याचा निर्णय मी जाहीर केला. घरातल्यांनी तो निर्णय शांतपणे ऐकून घेतला. त्या शांततेचा अर्थ मला तेव्हा समजला नाही.

नव्या स्पीकरच्या खोक्यातून साडेसहा इंची दोन वूफर (जाड आवाजांचे स्पीकर), एक इंची दोन ट्वीटर (बारीक आवाजांचे) आणि साबणाच्या वडीएवढ्या दोन काळ्या डब्या निघाल्या. या डब्यांनाच क्रॉसओव्हर म्हणतात. प्रत्येक डबीवर सहा स्क्रू होते : दोन इनपुटचे, दोन वूफरचे आणि दोन ट्वीटरचे. दारातल्या जुन्या स्पीकरपर्यंत मात्र दोनच वायरी आल्या होत्या. सहा आणि दोन यांचा मेळ बसवण्यात माझा अख्खा रविवार खर्ची पडला.

अर्थात त्याआधी दाराचे पॅनेल काढावे लागते. बॅटरीची ऋण वायर सोडवून मी कामाला लागलो. दिसणारे स्क्रू काढल्यावर न दिसणारे स्क्रू शोधायचे असतात. त्यांतला एक हँडलच्या मागे, नखाएवढ्या झाकणाखाली दडून बसलेला असतो. ते निघाले की पॅनेल सर्व बाजूंनी सारख्या जोराने ओढावे, म्हणजे क्लिपा सुटतात, असे म्हणतात. त्या सुटतात हे खरे आहे. काही पॅनेलबरोबर येतात, काही पत्र्यातच राहतात आणि एखादी मधोमध दुभंगून दोन्ही पक्षांशी एकनिष्ठ राहते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दाराला चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद आणि त्यामागचा तो काळा गोंद यांविषयी एवढेच सांगतो की, प्लॅस्टिक निघाले आणि गोंद माझ्या बोटांवर राहिला. जुन्या स्पीकरखाली प्लॅस्टिकची एक जाड कडी होती. डाव्या दारातली धड निघाली, उजव्या दारातली तडकली. पण तिच्यावाचूनही नवा स्पीकर चपखल बसला, त्यामुळे ती कारखान्याने हौसेखातर बसवली असावी, असा निष्कर्ष काढून मी पुढे गेलो.

आता डबी. इनपुटच्या दोन स्क्रूंना दारातल्या वायरी जोडल्या आणि वूफरच्या स्क्रूंपासून वूफरपर्यंत नव्या वायरी नेल्या. आरशाजवळच्या कोपऱ्यात जुन्या ट्वीटरला कारखान्याच्या वायरी आधीच येत होत्या, म्हणून नवा ट्वीटर त्यांनाच जोडला. डबीवरचे दोन स्क्रू मोकळे राहिले. ते पुढच्या एखाद्या मॉडेलची सोय असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली. गाणे लावले, आवाज थोडा वाढवला, आणि ट्वीटरने गाण्याऐवजी आचके द्यायला सुरुवात केली.

चूक कळायला मला जुना ट्वीटर उलटा करून पाहावा लागला. त्याच्या पाठीवर एक चिमुकला कपॅसिटर डाखवलेला होता, आणि कारखान्याचा क्रॉसओव्हर म्हणजे तेवढाच होता. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि क्रॉसओव्हर हा त्या इस्टेटीची वाटणी करणारा पंच असतो. वूफरच्या वाटेवर तो तारेचे वेटोळे बसवतो. ते बारीक, तीक्ष्ण आवाजांना अडवते. ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर बसवतो. तो जाड आवाजांना अडवतो आणि फक्त वरचे पुढे जाऊ देतो, म्हणून त्याला हाय-पास म्हणतात. 4 ओहमच्या ट्वीटरपुढे 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला तर वाटणीची हद्द 4,000 हर्ट्झच्या आसपास पडते, हे गणित मी कागदावर मांडले आणि ते चक्क जुळले. ही हद्द म्हणजे भिंत नसून उतार असतो, आणि एकच कपॅसिटर असेल तर तो दर सप्तकाला 6 डेसिबल इतका सौम्य असतो. माझ्या नव्या ट्वीटरला मात्र उतार नव्हता, हद्द नव्हती आणि पंचही नव्हता. ढोलापासून झांजेपर्यंत सगळा संसार त्या एक इंची जिवावर येऊन पडला होता.

काळ्या चिकटपट्टीखालचा कारखान्याचा सांधा शोधून तोडला, ट्वीटर डबीच्या मोकळ्या स्क्रूंना जोडला आणि पुन्हा गाणे लावले. आता प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येत होते, फक्त खर्ज नाहीसा झाला होता आणि गायिका माझ्या डोक्याच्या मागे कुठेतरी उभी राहून गात होती. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की खर्ज परत येई, पूर्ण उजवीकडे नेला तरी येई; मध्ये आणला की गडप. मी मल्टिमीटर लावला, तर 4 ओहमचा वूफर 3.4 दाखवू लागला आणि आपण फसवले गेलो, अशी माझी अर्धा तास खात्री होती. (मीटर केवळ तारेचा रोध मोजतो आणि तो छापील आकड्याहून कमीच भरतो, हे नंतर समजले.)

शेवटी स्टिरिओमागचा प्लग काढून, दाराकडे जाणाऱ्या वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहायचे ठरले. धन-ऋण बरोबर असेल तर वूफरचा पडदा बाहेर झेपावतो. वाटेत कपॅसिटर असल्यामुळे ट्वीटरलाही धोका नसतो. पडदा पाहण्याचे काम पत्नीकडे दिले.

"बाहेर आला की आत गेला?"

"हलला."

"अगं, पण कुठे हलला?"

"डावा माझ्याकडे आला आणि उजवा लांब गेला. म्हणजे एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय. मग आवाज उरणार कुठून?"

दिवसभरात मला न सुचलेले निदान तिने उभ्या उभ्या केले होते. पट्टा असलेली वायर ऋण, हा बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचा संकेत मी डोळे मिटून गाडीच्या मूळ वायरींना लावला होता, आणि उजव्या दारात कारखान्याचे मत वेगळे होते. दोन वायरींची अदलाबदल करताच खर्ज परतला, गायिका समोर आली आणि क्लिपा संपेपर्यंत मी पॅनेले लावली.

उजवी काच मात्र आता पाऊणच खाली उतरते. कारखान्याने ती कडी हौसेखातर बसवलेली नव्हती. तिच्याशिवाय स्पीकरचे चुंबक थेट काचेच्या वाटेत येते. काच वरच्या पाऊण भागात मोकळेपणाने फिरते आणि त्याखाली जाऊ पाहिले की ठक् असा आवाज येतो. कुणी विचारलेच तर उजव्या काचेला हाय-पास क्रॉसओव्हर लावला आहे, असे मी सांगतो.